हातातून सुटणारी पत्ती

गोटीरामकाकांचा मला राग यायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी त्यांच्याबद्दल चार बरे शब्द लिहिले तर कुणी मला भली बाई समजायला नको.

सत्त्याण्णव साली सानपाड्याला आमचं दुकान होतं. कॅसेटी, माइक, स्पीकरच्या वायरी आणि एका काचेच्या कपाटात वाद्यांचं सटरफटर. दुकान माझ्या अब्बांचं, बदरुद्दीन यांचं. पण अब्बांचे गुडघे गेलेले, त्यामुळं दुपारनंतर गल्ल्यावर मी बसायची. चोवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली आणि तोंडानं फटकळ. गिऱ्हाइकाला दोनदा एकच वस्तू दाखवायची वेळ आली की माझ्या कपाळाला आठी पडायची, आणि अब्बा आतून ओरडायचे, "कैनात, कपाळ नीट कर!" त्यांना भिंतीपलीकडून कसं कळायचं देव जाणे.

काका करावे गावचे. पन्नाशी ओलांडलेले, ठेंगणे, छातीनं रुंद. आधी खाडीत मासेमारी करायचे. खाडीकाठी भराव पडला तसा तो धंदा बसला आणि ते आमच्या बाजूच्या पाण्याच्या टाकीवर कामाला लागले. वॉल्व्ह सोडायचा, वॉल्व्ह बंद करायचा. आमच्या अख्ख्या सेक्टरला पाणी किती वाजता यायचं ते त्यांच्या हातात. सोसायटीतल्या बायका त्यांना दिवाळीचा फराळ आधी पाठवायच्या आणि मग घरच्यांना वाढायच्या. पण काका स्वतःला कधी टाकीवाला म्हणवून घेत नसत. कुणी विचारलं की छाती काढून सांगायचे, "मी बेंजोवाला हाय."

बेंजो म्हणजे आपल्याकडच्या हळदीत वाजतो तो. डाव्या हातानं बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या पत्तीनं तारा छेडायच्या. गिटारवाले जिला पिक म्हणतात तीच ही पत्ती. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत धरायची, एवढीशी, तिकोनी. काकांची बेंजो पार्टी होती आणि बेलापूर पट्टीतल्या गावांमधून वीस वर्षं ती पार्टी हळदी वाजवत आली होती. तेवढी वीस वर्षं काकांकडं एकच पत्ती होती. नारळाच्या करवंटीचा तुकडा घासून त्यांच्या मित्रानं करून दिलेली. तो मित्र वारला. मग डिसेंबरात नेरुळच्या एका हळदीत काकांनी चहा घेताना ती पत्ती मांडीवर ठेवली, कप ठेवायला उठले आणि पत्ती मांडवाच्या फळ्यांमधून खालच्या गटारात गेली. काकांनी फळ्या उचकटायला लावल्या होत्या म्हणे. मिळाली नाही.

तिथून आमच्या कपाळी काका आले.

"गो पोरी, पत्ती दाखव. हातान घट्ट बसंल अशी."

मी डबा पुढं केला. पातळ, मध्यम, जाड, सगळ्या गिटारच्या. काकांनी एकेक उचलून दुकानातल्या बेंजोवर वाजवून बघितली. फार भारी म्हणावं तसं नाही, पण ऐकण्यासारखं वाजवत होते; दुकानासमोरचा रिक्षावाला इंजिन बंद करून ऐकत बसला. अर्ध्या तासानं एक मध्यम जाडीची पसंत पडली. घेऊन गेले. पुढच्या सोमवारी परत हजर.

"सुटली गो."

"सुटली म्हणजे?"

"हातातून सुटली. दोनदा. दुसऱ्यांदा नवरदेवाच्या आत्याच्या अंबाड्यान जाऊन बसली."

मी हसले. ते हसले नाहीत. तेव्हा मला कळायला हवं होतं.

म्हटलं, ही पत्ती वाकते, म्हणून फिरते, जाड घ्या. जाड नेली. सोमवारी परत. "सुटली." मग नायलॉनची दिली, तिच्यावर बारीक दाणे होते, खरखरीत. "सुटली." मग मोठी तिकोनी, जिला धरायला जागा जास्त. "सुटली." मध्ये भोक असलेली एक मी मुंबईला जाऊन धोबी तलावाच्या व्यापाऱ्याकडून खास आणली, भोकातून बोटाचं मांस आत दबतं आणि पकड बसते असं तो म्हणाला होता. काकांनी ती दुकानात तासभर वाजवली. पंख्याखाली बसून, चहा पिऊन, मान डोलावून. "ही बसली. ही लय झकास बसली." सोमवारी आले तेव्हा हात आधीच हलवत होते, दुरूनच. मी शटर ओढून घ्यावं असं मला वाटलं.

मला काय काय संशय आले ते सांगते. आधी वाटलं, म्हाताऱ्याला पंखा आणि चहा पाहिजे. मग वाटलं, घामाचा हात असेल. पण मी त्यांचा हात उन्हातून आल्या आल्या बघितला होता, वॉल्व्ह फिरवून फिरवून पायपुसण्यासारखा कोरडा झालेला. मग वाटलं, धरायची पद्धत चुकते. कॉलेजची गिटारवाली मुलं दुकानात यायची, त्यांच्यातल्या एकाला विचारून घेतलं. पहिलं बोट वाकवायचं, पत्ती त्याच्या कडेवर ठेवायची, वरून अंगठा टेकवायचा, दाबायचा नाही. काकांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि तशी पत्ती धरून दाखवली. ते आधीपासून तसेच धरत होते.

मी तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून पत्तीला चिकटवला. एकीच्या पाठीवर चाकूनं रेघा मारल्या. बाटलीच्या बुचाची चकती लावली. दुकान सोडून मी मोच्याचं काम करत होते. दर वेळी दुकानात ती पत्ती काकांच्या बोटात गोचिडासारखी चिकटून बसायची आणि दर वेळी हळदीत सुटायची.

एकदा काका म्हणाले होते, "करवंटीची कधी सुटली नाय." मी काय उत्तर दिलं ते मला स्वच्छ आठवतं. "काका, करवंटीवर अडून बसलात तर कसं चालेल? आता जपानी माल येतो." काकांनी डब्यातली दुसरी उचलली. शिकलेली पोरगी सांगते म्हणजे बरोबरच असणार, असं त्यांना वाटलं असावं. मलाही तसंच वाटत होतं.

मार्चमध्ये त्यांचा पुतण्या केतन दुकानात आला. कीबोर्डचा अडॅप्टर हवा होता. पार्टी आता तोच चालवायचा. सुपाऱ्या घेणं, टेम्पो ठरवणं, सगळं त्याच्याकडं. पोरगा काही वाईट नव्हता.

"ताई, आमच्या काकांना एक बरी पत्ती द्या ना," तो म्हणाला.

"अकरा दिल्यात!"

"मग काय करू सांगा. गाणं रंगात येतं आणि मध्येच सूर गायब. काका खाली वाकून पत्ती शोधतायत. लोक व्हिडिओ शूटिंग करतात, त्यात पण तेच. मागच्या हळदीत पोरं शिट्ट्या मारायला लागली. मी कीबोर्ड घेतलाय. पण काकांना कसं सांगू? मे महिन्यात रंजिताची हळद हाय."

रंजिता म्हणजे काकांची मुलगी. एकुलती एक.

केतननं सांगितलं की काका वीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरींच्या हळदी वाजवताना एकच गोष्ट बोलत आले, माझ्या रंजिताला हळद लागंल तेव्हा बघा मी काय वाजवतो ते. त्यांनी एक चाल बांधून ठेवली होती. घरात वाजवायचे, बाहेर कधीच नाही. ती रंजिताच्या हळदीसाठी राखून ठेवलेली. आणि पार्टीतल्या बाकीच्यांनी केतनला स्पष्ट सांगून टाकलं होतं, त्या दिवशी अख्खा गाव जमणार, तिथं फजिती नको. शेवटी केतननं आणि काकांनी मिळून ठरवलं. काका सुरुवात करतील. पत्ती पडली की कीबोर्ड चालू, आणि मग पुढंही कीबोर्डच.

एवढं कळल्यावर मी मऊ व्हायला हवं होतं. झालं उलटंच. पुढच्या सोमवारी काका आले, बुचाची पत्ती काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "सुटली." माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं. सकाळपासून नळाला पाणी नव्हतं, अब्बांचा गुडघा सुजला होता, आणि खरं सांगायचं तर मी हरत होते आणि मला हरायची सवय नव्हती.

"काका, पत्तीत काही खोट नाही," मी म्हणाले. "अकरा पत्त्यांत खोट कशी असेल? तुमचाच हात आता चालत नाही. वय झालं. घ्या ना समजून."

काकांनी माझ्याकडं बघितलं. मग स्वतःच्या उजव्या हाताकडं बघितलं, पालथा केला, उताणा केला. बुचाची पत्ती उचलून खिशात टाकली आणि गेले. आतून अब्बा यावेळी ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी नळाला वेळेवर पाणी आलं, आणि त्यामुळं तर मला जास्तच लाज वाटली.

महिनाभर ते फिरकले नाहीत. मेच्या पहिल्या आठवड्यात आले ते पत्रिका घेऊन. पाकिटाच्या चारी कोपऱ्यांना हळदीची बोटं.

"यायचं हाय तू. बापाला पन घेऊन ये. गुडघ्याचं कारन नको, मी रिक्षा पाठवतो," म्हणाले. मग थोडे घुटमळले. "गो पोरी, मना यक शेवटची पत्ती दे. तुना वाटंल ती."

मी सगळ्यात महागातली काढली आणि म्हटलं, ही माझ्याकडून. माफी मागणं मला कधी जमलेलं नाही.

हळदीला अब्बा आले नाहीत, मी एकटी गेले. चार वाजले होते. करावे गावात काकांच्या दारात मांडव, मांडवात पिवळ्या साड्यांच्या बायका, एका कडेला बेंजो पार्टी मांडून बसलेली. मागच्या अंगणात चुली पेटल्या होत्या आणि दहा-बारा बायका नारळ खवत होत्या, करवंट्यांचा ढीग पडला होता. काकांची बायको, पुतळाकाकी, मला हाताला धरून पुढं घेऊन गेली आणि पहिल्या रांगेत बसवलं. "हीच ती पत्तीवाली," असं तिनं चार जणींना सांगितलं. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

काका पांढरा सदरा घालून बेंजोपुढं बसले होते. माझी पत्ती त्यांच्या चिमटीत. मला बघून त्यांनी ती वर करून दाखवली. केतन शेजारी, कीबोर्डवर चादर टाकून.

आणि मग ते झालं, जे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

शेवंताबाई म्हणून त्यांच्यातली एक म्हातारी सवाशीण उठली. हातात पितळेची वाटी, वाटीत खोबरेल तेलात कालवलेली हळद. नवरीकडं न जाता ती आधी पार्टीकडं गेली. ढोलवाल्याचे तळहात माखले. ताशेवाल्याचे माखले. मग काकांच्या पुढं बसली आणि त्यांचे दोन्ही हात, बोटं, बोटांच्या बेचक्या, अंगठा, सगळं नीट, मायेनं, मनगटापर्यंत चोपडून काढलं. तेल ठिबकत होतं. काकांनी ती हळद कपाळाला लावली, आणि त्याच हातानं पत्ती उचलली.

मी शेजारच्या बाईला विचारलं, "हे काय?"

"हात पिवला केल्याबिगर आमच्यान बाजा लागत नाय," ती म्हणाली. "नवरीची आंघोल होईस्तो पुसायचा पन नाय."

बारा पत्त्या! जाड, पातळ, दाण्यांची, भोकाची, ट्यूबची, बुचाची. धोबी तलावापर्यंत जाऊन आले. सगळ्या मी कोरड्या हाताला दाखवल्या. पाच महिने या माणसाला मी इतकं विचारलं, हात कसा धरता, तार कुठली, बसता कसे, आणि हळदीत हाताला काय लागलेलं असतं हे विचारलं नाही. आमच्या कोकणी मुसलमानांत काय हळद नसते? माझ्या थोरल्या बहिणीच्या, हादियाआपाच्या हळदीत माझ्याच हातातून सरबताची बरणी सटकून फुटली होती!

आणि काकांनी तरी का सांगितलं नाही? त्याचंही उत्तर मला तिथंच मिळालं. वीस वर्षं त्यांनी पिवळ्या हातानंच वाजवलं होतं आणि वीस वर्षं पत्ती सुटली नव्हती. मग ते हळदीला दोष कसा देतील? हळद तर कायम तीच होती. बदलली होती फक्त पत्ती. करवंटी खरखरीत, आतून खोलगट, तेल पिऊन घेणारी. ते सांगत होते आणि मी त्यांना जपानी माल सांगत होते.

त्यांनी वाजवायला सुरुवात केली. चाल मी पहिल्यांदाच ऐकत होते. सावकाश सुरू होऊन मग एकदम झेपावणारी. बायकांच्या टाळ्या थांबल्या, सगळ्या ऐकायलाच लागल्या. पाटावर बसलेल्या रंजितानं मान वर करून बापाकडं बघितलं. मी काकांच्या अंगठ्याकडं बघत होते. पत्ती एकदा वळली, त्यांनी सावरली. परत वळली. मी ओरडून सांगणार होते, काका, हात पुसा! तोंडही उघडलं. पण त्यांच्या सदऱ्याच्या खिशात रुमाल होता, पिवळा न झालेला, आणि त्याच्याकडं ते बघतसुद्धा नव्हते. पोरीची हळद पुसायचं त्यांच्या मनातही येणार नव्हतं.

पत्ती सुटली आणि माझ्या पायाशी येऊन पडली.

सूर तुटला. कुणी शिट्टी मारली नाही, ते एक बरं झालं. काकांनी नखानं दोन-तीन सूर काढून बघितले, ते ढोलापुढं ऐकूही आले नाहीत. मग त्यांनी स्वतःच केतनकडं बघून मान हलवली. केतननं चादर काढली.

मी उठले आणि मागच्या अंगणात धावले. ढिगातली एक करवंटी दगडावर आपटली, अंगठ्याएवढा तुकडा उचलला आणि मोरीच्या सिमेंटवर घासायला बसले. खवणाऱ्या बायका बघत राहिल्या. पुतळाकाकी धावत आली, "काय झालं गो?" मी म्हटलं, "थांबा, होतंय." कसलं होतंय! करवंटी काय साबणाची वडी आहे? मी घासत होते आणि पुढं कीबोर्ड वाजत होता, बायका नाचायला लागल्या होत्या. माझ्या बोटाचं साल निघालं. टोक झालं तर कड जाड, कड पातळ केली तर टोक मोडलं, परत दुसरा तुकडा. जमिनीवर बसून मी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की खवणीवरची एक बाई म्हणाली, "पोरी, आज शुभ दिस हाय, तोंड आवर." किती वेळ गेला कळलं नाही. झाली एकदाची. ओबडधोबड, पण झाली. मी ती चुलीजवळच्या खोबरेलाच्या वाटीत बुडवून, माझ्या दोन्ही बोटांना तेल फासून, ओढून बघितली. हलली नाही.

पुढं गेले तेव्हा मांडवात गडबड चालली होती. रंजिताला आंघोळीला उठवून घरात नेलं होतं. पाट रिकामा होता. काका बेंजोच्या मागंच बसले होते, हात मांडीवर उताणे ठेवून, हळद बोटांवर सुकत आलेली.

मी पत्ती त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती चिमटीत धरली, अंगठा त्या खोलगट भागात टेकवला आणि त्यांचा चेहराच बदलला. तारेवरून एकदा फिरवली. परत, जोरात. मग मुद्दाम शेवंताबाईच्या वाटीत बोटं बुडवून फिरवली. पत्ती जागची हलली नाही.

"हीच," ते म्हणाले. "हीच गो. बघ, हात चालतोय माझा."

"काका, वाजवा ना," मी म्हटलं. "ती चाल वाजवा. अजून लोक आहेत. केतनला सांगते मी, बंद कर म्हणून. परत दुसरीकडं हळद असेल तिथं वाजवा, आता सुटणार नाही."

काकांनी रिकाम्या पाटाकडं बघितलं. मग पत्ती माझ्या तळहातावर ठेवली आणि त्यांच्या पिवळ्या बोटांनी माझी मूठ मिटली.

"ती चाल दुसऱ्या कुनाच्या हलदीला कशी वाजवू?" ते म्हणाले. "मना यकच पोर हाय."